तीन सुताचा बोल्ट

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी एक जुनी जीप घेतली. एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी ती कित्येक वर्षं उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. भाच्याने ती टेम्पोवर घालून चिंचवडला आणली, महिनाभर खपून चालू केली आणि एका रविवारी सकाळी मला फोन केला. ‘मामा, गाडीची बॉडी दोन इंच उचलायचीय. मोठे टायर बसवायचेत. फक्त लांब बोल्ट हवेत. तुमच्या ओळखीचं दुकान सांगा.’

फक्त लांब बोल्ट! मी फिटर म्हणून १९७४ साली कामाला लागलो आणि इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झालो. चिंचवड आणि भोसरीच्या लहानमोठ्या कारखान्यांत माझा जन्म गेला. बोल्टच्या आधी ‘फक्त’ हा शब्द लावलेला मला आजही खपत नाही. मी पिशवीत व्हर्निअर आणि पिच गेज टाकलं आणि निघालो.

ज्यांना गाडीच्या पोटातलं ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. आजच्या बहुतेक मोटारींचा सगळा सांगाडा एकजीव असतो. जुन्या जीपचं तसं नाही. तिच्यात खाली लोखंडाची भक्कम चौकट असते, तिला चासी म्हणतात. इंजिन, चाकं, पाटे सगळं त्या चौकटीला. वर पत्र्याची बॉडी वेगळी. दोघींच्या मध्ये रबराचे गुटके ठेवतात आणि बोल्ट आरपार घालून बॉडी खाली आवळतात. बॉडी उचलायची म्हणजे या रबरांच्या जोडीला आणखी उंच ठोकळे ठेवायचे. ठोकळा दोन इंचांचा, तर बोल्टही दोन इंचांनी लांब. हिशेब इतका सोपा दिसतो.

त्या दिवशी आम्ही सहा बोल्ट काढले. ते मी एका जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, रॉकेलने पुसले आणि एकेकाला गेज लावलं. चार बोल्ट मूळचे, तीन सुताचे आणि बारीक आट्यांचे, इंचाला चोवीस आटे. पाचवा दहा मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ असा आकडा. सहाव्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. तो होता तीन सुताचा, पण जाड आट्यांचा, इंचाला सोळा. आणि त्याच्यावर चढवलेला नट होता दहा मिलिमीटरचा.

तो नट मी हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. का, ते पुढे सांगतो. आधी ‘सूत’ म्हणजे काय ते पाहू.

आपल्याकडे लोखंडाच्या कामात इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला एक सूत म्हणतात. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाऊण इंच म्हणजे सहा सूत. तीन सूत म्हणजे ३/८ इंच. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर साडेनऊच्या किंचित वर, ९.५२५. आता गंमत अशी, की देशात मेट्रिक मापं आली, इंची माल मागे पडला, पण कारागिराच्या तोंडातलं सूत गेलं नाही. बांधकामावरचा सेंटरिंगवाला दहा मिलिमीटरच्या सळईला आजही तीन सूत म्हणतो आणि बारा मिलिमीटरच्या सळईला चार सूत. स्लॅबमध्ये त्याने काही बिघडत नाही, कारण सळईला नट लावायचा नसतो. बोल्टला लावायचा असतो. ‘तीन सुताचा द्या’ असं गिऱ्हाइकाने म्हटलं तर दुकानदार ३/८ इंची देईल किंवा दहा मिलिमीटरचा देईल. दोन्ही बरोबरच, आणि दोन्ही एकमेकांचे वैरी.

दहाचा बोल्ट ३/८ च्या नटात शिरतच नाही, कारण तो जाड आहे. तिथे चूक लगेच कळते. उलट केलं तर मात्र घात होतो. ३/८ चा जाड आट्यांचा बोल्ट दहाच्या नटात शिरतो. दोन आट्यांमधलं अंतर, ज्याला आपण पिच म्हणतो, ते बोल्टचं १.५८७५ मिलिमीटर आणि नटाचं दीड. फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. बोल्ट थोडा बारीक असल्यामुळे पहिले दोन-तीन आटे सहज जातात. मग हा छोटा फरक दर आट्याला साचत जातो आणि नट जड होतो. पान्याला जोर लागतो. कारागिराला वाटतं, झकास आवळला. प्रत्यक्षात सगळा भार एक-दोन आट्यांच्या कडांवर आलेला असतो. गाडी हादरत राहते, कडा झिजतात आणि एके दिवशी नट सुटतो.

ही भानगड आली कुठून? तिचा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे.

बोल्टला मराठीत मळसूत्र असा सुरेख शब्द आहे. मळसूत्र माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं, पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा करून त्याने त्यांची सरासरी काढली होती. आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला इंचात किती आटे, याचा तक्ताच त्याने मांडला. रेल्वे कंपन्यांनी तो उचलला आणि इंग्रजांच्या राज्याबरोबर तो जगभर गेला. आपल्याकडच्या रेल्वे वर्कशॉपांत आणि गिरण्यांत हेच व्हिटवर्थ आटे आले.

अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने फिलाडेल्फियात दुसरा तक्ता मांडला. त्याचं म्हणणं, ५५ अंशांचा कोन मोजायला कठीण आणि व्हिटवर्थचा गोलसर माथा पाडायला महाग. त्याने कोन घेतला ६० अंश आणि माथा सपाट. साध्या कारागिरालाही जमेल असा. तिकडे युरोप खंडात मिलिमीटरचं राज्य होतं. १८९८ साली झुरिकला परिषद भरली आणि ६० अंशांचेच, पण मिलिमीटरमध्ये मोजलेले आटे ठरले. म्हणजे विसावं शतक उजाडलं तेव्हा जगात आट्यांची तीन मोठी घराणी होती. इंग्रजी, अमेरिकी आणि मेट्रिक. त्यांचा आपसात रोटीबेटी व्यवहार नव्हता.

याची किंमत लोकांनी मोजली. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले. पाणी होतं, माणसं होती, पण अनेकांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना लागेनात. दीड हजारांच्या आसपास इमारती जळाल्या. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतलं. त्यात सगळे आटे इंग्रजी. तसे टॅप आणि डाय अमेरिकेत मिळेनात, तेव्हा पॅकार्डने ते स्वतःच बनवले. युद्ध संपल्यावर दोन्ही देश शहाणे झाले. १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनला ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकाच इंची आट्यावर सह्या केल्या. त्याला युनिफाइड म्हणतात. कोन अमेरिकेचा, ६० अंशांचा. त्याच सुमारास, १९४७ साली, आंतरराष्ट्रीय मानक संघटना स्थापन झाली. तिने नेमलेल्या तांत्रिक समित्यांमध्ये क्रमांक एकची समिती कसली होती? स्क्रूच्या आट्यांची. वजनं, रंग, कागद सगळं नंतर. आधी आटे.

आमच्या जीपचा जन्मही याच युद्धातला. विलिस कंपनीचं रेखाटन, पण एकटी विलिस पुरी पडेना, म्हणून फोर्डनेही तीच गाडी त्याच रेखाटनांवरून बनवली. दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप काढल्या. एकीचा सुटा भाग दुसरीला लागत असे. फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी एफ हे अक्षर तेवढं उमटवलं. रणांगणावर मोडलेल्या दोन गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता येई, ती या एका मापाच्या जोरावर. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ती इथेच बनू लागली. गाडी भारतीय झाली, तिचे आटे मात्र अमेरिकी इंचीच राहिले.

आता घाटावर या. आपल्या पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना लोक मोरया गोसावींपासून सुरू करतात, चापेकर बंधूंना वंदन करतात आणि मग १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सवर येतात. ते योग्यच आहे. मी फिटर असल्यामुळे त्याच इतिहासाकडे बोल्टच्या बाजूने पाहतो. या पट्ट्यात कोण कोण आलं? बजाज टेम्पो १९५८ ची, तिचं तंत्र जर्मनीचं. के.एस.बी. पंप १९६० ची, तेही जर्मन. ज्या चौकाला तिचं नाव पडलं तिथून तुम्ही रोज जाता. दापोडीला सँडविक आणि अ‍ॅटलस कॉप्को, चिंचवडला बेअरिंगचा कारखाना, ही मंडळी स्वीडनशी नातं सांगणारी. आकुर्डीला बजाजची स्कूटर, तिचा परवाना इटलीच्या पियाज्योचा. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आलं, भोसरीच्या माळावर शेड उभ्या राहिल्या. आणि १९६६ मध्ये टेल्कोने पुण्याचा कारखाना काढला. टेल्कोचा १९५४ पासून डेम्लर-बेंझशी करार होता, म्हणजे पुन्हा जर्मनी. इटली, जर्मनी, स्वीडन, सगळे मिलिमीटरवाले.

मधूनमधून इंची पाहुणेही होते. चिंचवडलाच रस्टन अँड हॉर्न्सबी हे इंग्रजी इंजिनाचं नाव होतं. तिकडे कोथरूडला १९६२ पासून किर्लोस्कर कमिन्स, ते अमेरिकी. पण एकंदरीत आपला पट्टा मेट्रिक वळणाचा. मुंबईची जीप इंची आणि पिंपरीचा ट्रक मेट्रिक. खंडाळ्याच्या घाटात दोन्ही गाड्या एकामागे एक चढत असत आणि एकीचा बोल्ट दुसरीला लागत नसे.

सरकारनेही तोवर कौल दिला होता. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून शेराच्या जागी किलो येऊ लागला. आमच्या आजीने ‘नवा पैसा’ पत्करला, पण दूध मात्र शेवटपर्यंत शेरानेच मोजलं. कारखान्यांतही तसंच झालं. रेखाटन मिलिमीटरमध्ये आणि लेथ मात्र इंची. मग त्या लेथवर मेट्रिक आटे कसे पाडायचे? त्यासाठी १२७ दात्यांचं एक चक्र असे. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला पाचने गुणा, बरोबर १२७ येतात. ते चक्र मध्ये घातलं की इंची लेथ मिलिमीटरचे आटे पाडू लागतो. दुभाष्यासारखं काम. आमचे मिस्त्री ते चक्र तेलाच्या फडक्यात गुंडाळून कुलपात ठेवत. ‘हे हरवलं तर कारखाना मुका होईल’ असं म्हणत. मला ते वाक्य तेव्हा विनोदी वाटायचं.

आता त्या सहाव्या बोल्टकडे येतो.

साल १९७९. मी एका छोट्या कारखान्यात होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण चूक कारखान्याची नव्हती. मिलिंग मशिनवर जॉब आवळायच्या क्लॅम्पचा एक बोल्ट झिजला होता. पाळी संपायला तास उरला होता, माल त्याच दिवशी जायचा होता. मी डब्यात हात घातला आणि ‘तीन सुताचा’ बोल्ट काढला. नट होता दहाचा. पहिले आटे सहज गेले, मग जड झाला. मी पाना लावला आणि जोर काढला. चांगला घट्ट बसला. मशिन दुसऱ्याच्या हाती देऊन मी हात धुवायला गेलो.

साबण हाताला लागला होता तेवढ्यात आवाज आला. जॉब सुटून उडाला होता. मशिनवरच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता. नंतर चौकशी झाली. ‘बोल्ट स्लिप झाला’ एवढंच कागदावर आलं. तो बोल्ट कोणता होता, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. डब्यातला तो बोल्ट मी घरी घेऊन आलो. त्या मुलाने पुढे टेबलावरचं काम धरलं, त्याचा संसार नीट झाला. आम्ही भेटलो की तो मला ‘दादा’ म्हणायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला. मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज प्रथमच हे मोठ्याने बोलतो आहे, तेही तो ऐकायला नसताना. याला धैर्य म्हणत नाहीत, हे मला कळतं.

त्या दिवसानंतर मी इन्स्पेक्शनला बदली मागून घेतली. पिच गेज तेव्हापासून माझ्या खिशात असतं.

म्हणून भाच्याच्या जीपखालचा तो नट हातात आल्यावर मी गप्प झालो. कुणीतरी कधीतरी घाईत तो आवळला होता. त्याच्या वर, बरोब्बर त्या जागी, मागची सीट होती. भाच्याच्या दोन्ही मुली तिथेच बसणार होत्या. मी नट बोटांनी फिरवला. पान्याशिवाय सुटला.

मग बोल्टचा शोध सुरू झाला. चिंचवड स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. तिथल्या पोऱ्याने तत्परतेने दहा मिलिमीटरचा लांब बोल्ट पुढे केला. इंची म्हटल्यावर म्हणाला, ‘आजोबा, इंची आता कोण वापरतं?’ ज्या शहराने मेट्रिकवर घर बांधलं, तिथे त्याचं चुकलं असं कसं म्हणू? पूर्वी असला जुना माल चिखली-कुदळवाडीच्या भंगारात सापडायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली, तेव्हापासून ती वाटही राहिली नाही. मग पुण्याला नाना पेठेत गेलो. रविवारी जुन्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या ढिगांतून बोल्ट उचलून पाहिले. भाचा एकेक बोल्ट हातात घेऊन ‘हा चालेल? हा चालेल?’ विचारत होता. लांबी जुळत होती, आटे जुळत होते, तरी मी नाही म्हणत होतो. कारण बोल्टच्या डोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

बोल्टचं डोकं ही त्याची जन्मपत्रिका असते. मेट्रिक बोल्टवर ८.८ लिहिलं असेल तर पहिल्या आठचा अर्थ असा, की दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ८० किलोचा ताण घेतल्यावर तो तुटेल. टिंबानंतरचा आठ सांगतो, की त्या ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत तो ताणून पुन्हा मूळ जागी येईल, त्यापुढे कायमचा लांबेल. अमेरिकी इंची बोल्टवर आकड्याऐवजी रेघा असतात. तीन रेघा म्हणजे पाचवी प्रत, साधारण ८.८ च्या तोडीची. सहा रेघा म्हणजे आठवी प्रत, १०.९ च्या तोडीची. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही, त्याचा बाप कोण ते कळत नाही. फाटकाची कडी बसवायला तो ठीक आहे.

भाचा म्हणाला, ‘मग सगळ्यात कडक घेऊ. बारा-नऊ.’ तरुण माणसाला असंच वाटतं. पण फार कडक पोलादाला एक शाप आहे. त्यावर जस्ताचा मुलामा देताना हायड्रोजन आत शिरतो. मुलाम्यानंतर बोल्ट वेळेत नीट भाजला नाही, तर तो काचेसारखा ठिसूळ होतो. आवळून ठेवल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानाही, डोकं टणकन उडून पडतं. बॉडी आणि चासीमधल्या बोल्टने थोडं लवायचं असतं, हादरे पचवायचे असतात. जितकं हवं तितकंच कडक, हे लोखंडालाही लागू आहे.

आणि लांबीचं काय? दोन इंचांचा ठोकळा मध्ये आला की बॉडी डावी-उजवीकडे झुकताना बोल्टवर येणारा वाकवणारा जोर वाढतो. आखूड काठी मोडायला कठीण, लांब काठी सोपी. शिवाय त्या लांबीत आटे कुठे येतात तेही पाहावं लागतं. जिथे जोर येतो तिथे बोल्ट सपाट, भरीव हवा. आट्याची खाच तिथे आली तर तडा तिथूनच सुरू होतो. पूर्ण आट्यांचा गज कापून दोन्हीकडे नट लावायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते. स्वस्त पडते, आणि सगळी लांबी खाचांचीच असते. ठोकळे तरी कसले? पाइपचे तुकडे, लाकूड, काय वाटेल ते. त्यात बॉडी उचलली की स्टिअरिंगचा दांडा, गिअरचा दांडा, पेट्रोलची नळी, पंख्यापुढचं कवच, सगळ्यांची जागा चुकते. एक गोष्ट उचलली की दहा गोष्टी ताणल्या जातात.

कायद्याचाही प्रश्न होताच. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीतले तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. भाच्याने हे आधीच वाचलं होतं. ‘सगळे करतात, मामा’ म्हणाला. मीही १९७९ साली तेच म्हणालो होतो. सगळेच डब्यात हात घालायचे.

त्या संध्याकाळी मी त्याला घरी नेलं. कपाटातली डबी काढली आणि तो जुना बोल्ट त्याच्या हातात ठेवला. शेजारी जीपचा बोल्ट. दोन्ही सारखे. मग जे इथे सांगितलं ते त्याला सांगितलं. त्याची मामी दारात उभी होती. तिलाही इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. तिने काही विचारलं नाही, चहा ठेवायला आत गेली.

भाच्याने बॉडी उचलली नाही. मी मनाई केली नव्हती, गाडी त्याची आहे. आम्ही सगळे बोल्ट काढले, सगळे रबरी गुटके नवे घातले. मूळ मापाचे, बारीक आट्यांचे, तीन रेघांचे इंची बोल्ट शेवटी नाना पेठेत एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे मिळाले. त्याने ते वरच्या फळीवरून धूळ झटकून काढले, मोजून दिले आणि विचारलं, ‘जीप का?’ नट नायलॉनच्या कड्याचे घेतले, हादऱ्याने सैल होऊ नयेत म्हणून. बोल्ट आवळताना रबर चेपून चपाती होणार नाही इतकंच आवळलं. आणि गंमत पाहा. जुनी रबरं इतकी दबली होती, की नवी घातल्यावर गाडी आपोआप जवळजवळ अर्धा इंच उंच दिसू लागली. भाचा फूटपट्टी लावून हसला. मोठे टायर काही बसले नाहीत.

तीन सुतांचे ते दोन बोल्ट आता एकाच डबीत आहेत. पिच गेज मी भाच्याला देऊन टाकलं. परवा त्याचा फोन आला होता. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा बोल्ट बदलायचा होता. शेजारी म्हणाला, ‘तीन सुताचा आण.’ भाच्याने त्याला विचारलं, ‘कुठला तीन सूत, काका? इंची की मेट्रिक?’

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)